टोपणनावाआडचा शहरकथाकार

सन १९५२. न्यूयॉर्क शहरातील पंचविशीच्या एका होतकरू लेखकाने आपले जन्मनाव कायद्याने बदलून घेतले. साल्व्हातोर अल्बर्ट लोंबिनो हे इटालियन वळणाचे घरचे नाव मागे पडले आणि इव्हान हंटर हे त्याचे कागदोपत्री खरे नाव झाले. चारच वर्षांनी त्याच माणसाने आणखी एक नाव धारण केले, तेही केवळ पुस्तकांच्या मुखपृष्ठापुरते. ते नाव एड मॅकबेन. पुढे पन्नास वर्षे ही दोन नावे एकाच देहात शेजारी शेजारी नांदली. इव्हान हंटरने गंभीर कादंबरीकार म्हणून मान्यता मिळावी यासाठी जन्मभर कष्ट घेतले. एड मॅकबेनने पेपरबॅकच्या बाजारासाठी पोलीसकथा लिहिल्या. काळाने कौल दिला तो मॅकबेनच्या बाजूने. आज जगाच्या कोणत्याही देशात दूरचित्रवाणीवर पोलीस ठाण्यातील चमूची मालिका सुरू असली, तर तिच्या मुळाशी कुठे ना कुठे मॅकबेनचे ऋण असते. मग ते श्रेयनामावलीत नोंदलेले असो वा नसो.

त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागातला. दक्षिण इटलीतून आलेल्या स्थलांतरितांची ती दाटीवाटीची वस्ती. वडील टपाल खात्यात पत्रे वाटण्याचे काम करीत. मुलगा बारा वर्षांचा असताना हे कुटुंब ब्राँक्समध्ये राहायला गेले. त्या मुलाला चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी त्याने शिष्यवृत्तीवर कलाशिक्षणही घेतले. परंतु महायुद्धाने त्याची दिशा बदलली. १९४४ मध्ये तो अमेरिकी नौदलात दाखल झाला आणि पॅसिफिक महासागरात एका विनाशिकेवर त्याची नेमणूक झाली. समुद्रावरच्या रिकाम्या वेळात कुंचल्याची जागा लेखणीने घेतली. तिथून त्याने मासिकांकडे कथा धाडायला सुरुवात केली, आणि त्या नियमाने परतही येऊ लागल्या. युद्ध संपल्यावर त्याने हंटर कॉलेजात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये पदवी मिळवली. त्याची माध्यमिक शाळा होती इव्हँडर चाइल्ड्स. शाळेच्या नावातून इव्हान आणि कॉलेजच्या नावातून हंटर आले असावे, असा तर्क पुढे अनेकांनी लढवला. त्याने मात्र त्याला कधी दुजोरा दिला नाही.

नाव बदलण्यामागचे कारण व्यावहारिक होते आणि बोचरेही. त्या काळच्या अमेरिकी प्रकाशन व्यवसायात इटालियन आडनावाच्या लेखकाकडे साशंकतेने पाहिले जाई. इंग्रजी वळणाच्या नावाचे पुस्तक अधिक खपेल, असे त्याला सुचवण्यात आले. स्थलांतरितांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला द्याव्या लागणाऱ्या अनेक किमतींपैकी ही एक. त्याने ती मोजली. पण त्या व्यवहारातले जे काही देणे मनात शिल्लक राहिले, ते पुढे त्याच्या पुस्तकांतून निरनिराळ्या रूपांनी बाहेर येत राहिले.

पदवीनंतर काही दिवस त्याने ब्राँक्समधील एका व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली. शिकण्याची इच्छा नसलेली, उद्याची आशा नसलेली मुले आणि त्यांच्यापुढे हतबल झालेले शिक्षक हे त्याने तिथे जवळून पाहिले. सतरा दिवसांत त्याने ती नोकरी सोडली. त्यानंतर तो स्कॉट मेरेडिथ यांच्या साहित्य संस्थेत रुजू झाला. लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारी ही संस्था. पी. जी. वुडहाऊस आणि आर्थर सी. क्लार्क यांच्यासारखे लेखक तिचे अशील होते. आलेली हस्तलिखिते वाचायची, लेखकांना सुधारणा सुचवायच्या, कोणते मासिक काय विकत घेते याचा अंदाज बांधायचा, हे त्याचे काम. लेखनाच्या धंद्याचे जे शिक्षण कोणतेही विद्यापीठ देत नाही, ते त्याला या टेबलावर मिळाले. दिवसा इतरांच्या कथा वाचायच्या आणि रात्री स्वतःच्या लिहायच्या, असा क्रम सुरू झाला. विज्ञानकथा, गुन्हेकथा, मुलांसाठीची पुस्तके असे जे मागितले जाईल ते त्याने लिहिले. एकाच अंकात एकाच लेखकाच्या दोन-तीन कथा दिसू नयेत म्हणून टोपणनावे वापरली. रिचर्ड मार्स्टन, हंट कॉलिन्स, कर्ट कॅनन ही त्यांतली काही.

सतरा दिवसांच्या त्या नोकरीचे सोने झाले ते १९५४ मध्ये. 'द ब्लॅकबोर्ड जंगल' ही इव्हान हंटरची कादंबरी त्या वर्षी प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेतील शहरी शाळांचे दारुण वास्तव मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात चर्चेला आले. पुढच्याच वर्षी रिचर्ड ब्रूक्सने तिच्यावर चित्रपट केला. ग्लेन फोर्डने शिक्षकाची भूमिका केली, तर तरुण सिडनी पॉइटियर विद्यार्थ्यांमध्ये होता. 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे या चित्रपटामुळे घराघरांत पोचले आणि अनेक शहरांत तरुण प्रेक्षक चित्रपटगृहातच नाचू लागले. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला जाऊ नये यासाठी इटलीतील अमेरिकी राजदूत क्लेअर बूथ लूस यांनी आपले वजन खर्च केले आणि तो मागे घेतला गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी हंटर देशभर गाजलेला लेखक झाला होता.

अशा वेळी पेपरबॅक छापणाऱ्या पॉकेट बुक्स या प्रकाशन संस्थेने त्याला विचारणा केली. पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅनले गार्डनर हे त्या संस्थेचे हुकमी लेखक, पण त्यांचे वय होत चालले होते. त्यांच्यानंतर वाचकांना धरून ठेवील अशी एखादी नवी रहस्यमालिका संस्थेला हवी होती. हंटरने प्रचलित रहस्यकथांचा विचार केला तेव्हा एक विसंगती त्याला खटकली. हौशी म्हाताऱ्या, वकील, खासगी गुप्तहेर अशी मंडळी पुस्तकांतून खुनांचा छडा लावतात. प्रत्यक्षात मात्र खून झाला की माणसे पोलिसांना बोलावतात. तेव्हा नायक पोलीसच असला पाहिजे. पण खरा पोलीस एकटा काम करीत नाही. तो एका ठाण्याचा, एका पाळीचा, एका चमूचा भाग असतो. मग एका माणसाऐवजी संपूर्ण गुप्तहेर शाखेलाच कादंबरीचा नायक केले तर? कुणी बढती मिळवील, कुणी बदलून जाईल, कुणी गोळीला बळी पडेल आणि त्याच्या टेबलावर नवा माणूस येऊन बसेल. ठाणे मात्र चालूच राहील.

तीन पुस्तकांचा करार झाला. 'द ब्लॅकबोर्ड जंगल'च्या लेखकाची प्रतिष्ठा पोलीसकथांमुळे डागाळू नये म्हणून नवे नाव घ्यायचे ठरले, आणि एड मॅकबेन जन्माला आला. १९५६ या एकाच वर्षात 'कॉप हेटर', 'द मगर' आणि 'द पुशर' ही तीन पुस्तके बाजारात आली. लिहिण्यापूर्वी त्याने न्यूयॉर्क पोलिसांबरोबर पुष्कळ वेळ घालवला होता. गुप्तहेरांच्या खोलीत तो बसला, गस्तीच्या गाडीतून हिंडला, प्रयोगशाळा पाहिली आणि प्रश्न विचारून विचारून पोलिसांना भंडावून सोडले. परंतु पोलिसांची कार्यपद्धती वारंवार बदलते आणि प्रत्येक लहानसहान तपशिलासाठी खात्याकडे फोन करणे शक्य नव्हते. म्हणून त्याने एक धाडसी तोडगा काढला. त्याने न्यूयॉर्क हे नावच टाकले आणि स्वतःचे एक शहर उभारले.

त्या शहराचा मध्यवर्ती भाग म्हणजे आयसोला. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ बेट. न्यूयॉर्कचा नकाशा एका बाजूला कलता केला की हे शहर दिसू लागते. मॅनहटनचे आयसोला झाले, ब्राँक्सचे रिव्हरहेड, ब्रुकलिनचे काम्स पॉइंट, क्वीन्सचे मॅजेस्टा आणि स्टेटन आयलंडचे बेथटाउन. हडसन आणि ईस्ट रिव्हर यांच्या जागी हार्ब आणि डिक्स या नद्या वाहू लागल्या. पुस्तकाच्या आरंभी एक छोटी सूचना असे, तिचा आशय असा की शहर आणि माणसे काल्पनिक आहेत, मात्र पोलिसांचे काम खऱ्या तपासपद्धतीवर आधारलेले आहे. हे शहर नकाशावर नव्हते, पण पुस्तकागणिक त्याला गल्ल्या फुटल्या, पूल बांधले गेले, जुन्या वस्त्यांत नवे स्थलांतरित आले. तिथल्या उन्हाळ्यात अंगाला चिकटणारा घाम आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारा वारा ही मॅकबेनच्या कथांतली पात्रेच होती. 'कॉप हेटर'मध्ये पोलिसांचे खून एकामागून एक होत असतात, आणि त्या भीतीइतकाच वाचकाला छळतो तो शहरावर उतरलेला असह्य उकाडा.

या शहरातल्या ८७व्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे त्या क्रमांकाच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, सगळ्या कथा घडतात. तिथला सर्वांत लक्षात राहणारा गुप्तहेर स्टीव्ह कॅरेला. हे आडनाव इटालियन आहे. स्वतःचे इटालियन नाव ज्याने टाकले, त्याने आपल्या नायकाला आणि आपल्या शहरालाही इटालियन नाव द्यावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण. कॅरेलाची प्रेयसी आणि पुढे पत्नी झालेली टेडी हिला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. दिवसभर खोटी उत्तरे ऐकणाऱ्या पोलिसाच्या घरात खुणांची, नजरेची, ओठांच्या हालचालींची एक निःशब्द भाषा आहे. त्याच्या जोडीला मेयर मेयर हा ज्यू गुप्तहेर. वडिलांनी विनोद म्हणून आडनावच पहिले नाव म्हणून ठेवले आणि त्या विनोदाची शिक्षा मुलाने लहानपणापासून भोगली. त्यातून अंगी आलेली अपार सहनशीलता तपासाच्या कामी उपयोगी पडते. बर्ट क्लिंग पहिल्या पुस्तकात साधा गस्तीचा शिपाई असतो आणि दुसऱ्याच्या अखेरीस गुप्तहेर शाखेत येतो. आर्थर ब्राउन हा कृष्णवर्णीय अधिकारी, ठेंगणा पण चपळ हॅल विलिस, शाखेचे प्रमुख लेफ्टनंट बर्न्स आणि सर्वांना भिकार कॉफी पाजणारा कारकून मिस्कोलो ही मंडळी पुस्तकामागून पुस्तकात भेटत राहतात. शेजारच्या ठाण्यातला जाडा ऑली वीक्स वंशद्वेष्टा आहे, उद्धट आहे, पण पोलीस म्हणून कुशल आहे. अशा माणसाला न झाकता आणि न सजवता उभे करणे हे लेखकाच्या धीटपणाचे लक्षण.

आपल्या मूळ कल्पनेशी मॅकबेन किती प्रामाणिक होता, हे तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी दिसले. 'द पुशर'च्या अखेरीस त्याने कॅरेलाला मारून टाकले होते. चमू हाच नायक असेल तर एक माणूस गेल्याने बिघडणार काय? प्रकाशकांना हे मंजूर झाले नाही. वाचक कॅरेलासाठीच परत येतील हे त्यांनी ओळखले होते. हस्तलिखिताच्या शेवटी काही ओळी बदलल्या गेल्या आणि कॅरेला वाचला. पुढे अधिक देखणा आणि अविवाहित नायक हवा या आग्रहातून कॉटन हॉज हे पात्र आले, पण कॅरेलाची जागा त्याला घेता आली नाही. सामूहिक नायकाची कल्पना कितीही नवी असली तरी वाचकाला जीव लावायला एखादा चेहरा लागतो, हा धडा लेखकाने निमूटपणे गिरवला आणि दोन्ही गोष्टींचा मेळ घातला.

पोलीसकथेचा हा प्रकार मॅकबेनने शून्यातून निर्माण केला असे नाही. लॉरेन्स ट्रीट आणि हिलरी वॉ यांच्या कादंबऱ्या त्याच्या आधीच्या होत्या. जॅक वेबची 'ड्रॅगनेट' ही मालिका १९४९ पासून रेडिओवर आणि १९५१ पासून दूरचित्रवाणीवर गाजत होती, आणि तिचा प्रभाव त्याच्यावर होता. मॅकबेनची भर वेगळी होती. एका तपासाऐवजी तीन-चार तपास एकाच वेळी चालवायचे, त्यांतले काही एकमेकांना भिडतील तर काही कधीच भिडणार नाहीत. गंभीर प्रकरणाच्या मध्येच एखादी वेडसर तक्रारदार बाई ठाण्यात येऊन बसेल. कबुलीजबाबाची प्रश्नोत्तरे, शवविच्छेदनाचा अहवाल, शस्त्रपरवान्याचा नमुना, बोटांच्या ठशांचे कार्ड हे सगळे छापील रूपात पानावर मांडायचे. गुन्हेगार सापडतो तो कधी बुद्धीने, कधी शंभर घरांची दारे ठोठावून, तर कधी केवळ नशिबाने. तपास म्हणजे मुख्यतः पायपीट आणि कागदपत्रे, हे त्याने वाचकाला पटवले, आणि तरीही त्याला कंटाळू दिले नाही. संवाद हे त्याचे खरे सामर्थ्य. ठाण्यातली थट्टा, शिवीगाळ, थकवा आणि माया हे सारे त्यातून ऐकू येते.

मॅकबेनची पुस्तके दरवर्षी येत होती, तेव्हा हंटर पडद्यासाठी लिहू लागला होता. आल्फ्रेड हिचकॉकच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्याने १९५९ मध्ये एका भागाची संहिता लिहिली. त्याआधी त्याची एक कथाही त्या मालिकेत आली होती. 'स्ट्रेंजर्स व्हेन वी मीट' या आपल्या कादंबरीची पटकथा त्याने स्वतः केली. तो चित्रपट १९६० मध्ये आला. १९६१ मध्ये हिचकॉकने त्याला 'द बर्ड्स'साठी बोलावले. डॅफ्नी द्यू मोरिए यांच्या मूळ कथेतले शीर्षक आणि पक्ष्यांचा हल्ला ही कल्पना एवढेच ठेवून बाकी सर्व नव्याने रचायचे होते. हंटरने खेळकर प्रेमकथेने आरंभ करून हळूहळू भयाकडे नेणारी रचना सुचवली. चित्रपट १९६३ मध्ये प्रदर्शित झाला, पण त्याने लिहिलेला दीर्घ शेवट हिचकॉकने घेतला नाही, याची खंत त्याला राहिली. त्यानंतरच्या 'मार्नी'वर दोघांचे बिनसले. मधुचंद्राच्या रात्री पती पत्नीवर बळजबरी करतो, असा प्रसंग हिचकॉकला हवा होता. असा पुरुष प्रेक्षकांच्या मनातून कायमचा उतरेल, असे हंटरचे म्हणणे होते. त्याने तो प्रसंग निराळ्या तऱ्हेनेही लिहून दिला. परिणाम असा झाला की त्याला कामावरून दूर करण्यात आले आणि पटकथा जे प्रेसन ॲलन यांच्याकडे गेली. १९९७ मध्ये 'मी अँड हिच' या छोट्या पुस्तकात त्याने ही सारी हकिकत सांगितली.

दूरचित्रवाणीने ८७व्या प्रिसिंक्टचा प्रयोग प्रथम १९६१ मध्ये केला. एनबीसी वाहिनीवर '८७थ प्रिसिंक्ट' ही मालिका सुरू झाली. रॉबर्ट लॅन्सिंग कॅरेला झाला आणि जीना रोलँड्स टेडी. तीस भागांनंतर, १९६२ मध्ये, ती बंद पडली. अनेक नायक, अनेक धागे आणि अपुऱ्या राहणाऱ्या कथा पेलण्याची त्या माध्यमाची तयारी अजून झाली नव्हती. हंटर पुढेही छोट्या पडद्यासाठी लिहीत राहिला. पश्चिमेकडे निघालेल्या एका कुटुंबाची 'द चिझम्स' ही मालिका १९७९ मध्ये सीबीएसवर आली; १९८६ च्या 'ड्रीम वेस्ट'चे लेखनही त्याचेच. ही कामे नीटनेटकी होती, पण त्यांवर आयसोलाची मुद्रा नव्हती. नव्वदच्या दशकात 'कोलंबो' मालिकेने त्याच्या दोन कादंबऱ्या उचलल्या आणि १९९२ व १९९४ मध्ये त्यांवर दोन भाग केले. संपूर्ण चमूसाठी रचलेला तपास चुरगळलेल्या रेनकोटातल्या एकट्या कोलंबोच्या गळ्यात पडला, आणि त्या मालिकेच्या चाहत्यांना हे भाग परके वाटले.

चित्रपटांत मात्र या काल्पनिक शहराने जगाची सफर केली. 'किंग्ज रॅन्सम' ही कादंबरी १९५९ ची. बुटांच्या कंपनीतला एक बडा अधिकारी सर्वस्व गहाण टाकून कंपनी ताब्यात घेण्याच्या बेतात असतो. त्याच्या मुलाचे अपहरण झाल्याची बातमी येते, आणि मग कळते की चोरांनी चुकून त्याच्या चालकाच्या मुलाला पळवले आहे. दुसऱ्याच्या लेकरासाठी आपली आयुष्यभराची कमाई पणाला लावायची का? हा प्रश्न अकिरा कुरोसावाने जपानमधील योकोहामात नेला आणि १९६३ मध्ये 'हाय अँड लो' या नावाने जगभर गाजलेला चित्रपट केला. १९७७ मध्ये राज सिप्पी यांच्या 'इन्कार'मधून हीच गोष्ट हिंदी पडद्यावर आली. त्यातला पादत्राणांच्या कंपनीचा मालक रंगवला होता डॉ. श्रीराम लागू यांनी, आणि पोलीस अधिकारी होता विनोद खन्ना. उषा मंगेशकर यांनी गायलेले आणि हेलनवर चित्रित झालेले 'मुंगळा' हे याच चित्रपटातले गाणे. त्या गाण्यावर ठेका धरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की या कथेचे मूळ न्यूयॉर्कच्या एका पेपरबॅकमध्ये आहे? फ्रेंच दिग्दर्शकांनी मॅकबेनच्या कथा नीस आणि माँट्रियल येथे नेऊन बसवल्या. 'फझ'ची पटकथा हंटरने स्वतः केली, तर १९७२ चा तो चित्रपट बॉस्टनमध्ये घडतो. शहर कुठेच नव्हते, म्हणूनच ते कुठेही नेता आले. २०२५ मध्ये स्पाइक लीने 'हायेस्ट टू लोवेस्ट' या चित्रपटातून अपहरणाची तीच कथा पुन्हा न्यूयॉर्कमध्ये आणली, आणि एका अर्थाने वर्तुळ पूर्ण झाले.

या साऱ्या प्रवासात त्याला सर्वांत जिव्हारी लागली ती १९८१ ची घटना. त्या वर्षी जानेवारीत एनबीसीवर 'हिल स्ट्रीट ब्लूज' सुरू झाली. नाव नसलेले मोठे शहर, त्यातले एक गजबजलेले ठाणे, अनेक अधिकारी, समांतर चालणारे तपास, कर्तव्य आणि घर यांची ओढाताण, विनोद आणि क्रौर्य यांची सरमिसळ हे सारे तिच्यात होते. समीक्षकांनी तिला अभूतपूर्व ठरवले, पारितोषिकांचा वर्षाव झाला आणि अमेरिकी दूरचित्रवाणीचे नवे युग तिथून मोजले जाऊ लागले. पंचवीस वर्षे हीच मांडणी पुस्तकामागून पुस्तकात करत आलेल्या मॅकबेनला आपली घडी कुणीतरी उचलून नेल्यासारखे वाटले. न्यायालयात जाण्याचा विचार त्याच्या मनात आला, पण तो त्या वाटेने गेला नाही. कल्पनेवर मालकी सिद्ध करणे अवघड. आणि एखादी तऱ्हा इतकी रुळली की ती सर्वांचीच होऊन जाते. त्याने आपली कैफियत मांडली ती स्वतःच्याच दरबारात. १९८४ च्या 'लाइटनिंग' या कादंबरीत ८७व्या प्रिसिंक्टची मंडळी दूरचित्रवाणीवरच्या त्या मालिकेबद्दल कुरकुर करताना दिसतात.

हंटरचे दुःख याहून खोल होते. इव्हान हंटर या नावाने त्याने 'लास्ट समर'सारख्या महत्त्वाकांक्षी कादंबऱ्या लिहिल्या. १९७४ ची 'स्ट्रीट्स ऑफ गोल्ड' ही त्याच्या मनाच्या सर्वांत जवळची म्हणावी अशी. तिचा नायक इटालियन वंशाचा अंध जॅझ पियानोवादक आहे. तो आपले लांबलचक इटालियन नाव टाकून अमेरिकी नाव घेतो, यशस्वी होतो आणि त्या यशाचा हिशेब मांडत बसतो. लेखक कुणाविषयी बोलतो आहे हे सांगायला नको. परंतु वाचकांची रांग लागे ती मॅकबेनसाठी. १९८६ मध्ये मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेने त्याला ग्रँड मास्टर हा सर्वोच्च सन्मान दिला आणि १९९८ मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथालेखक संघटनेचा डायमंड डॅगर मिळवणारा तो पहिला अमेरिकी लेखक ठरला. हे दोन्ही मान गुन्हेकथेसाठी होते. रहस्यकथाकाराला साहित्याच्या पंक्तीत पाट मिळत नाही, हा अनुभव मराठीला नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पिढ्या पोसल्या, पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्यासाठी फार ओळी खर्च झाल्या नाहीत. हंटरच्या बाबतीत गंमत अशी की पंक्तीत बसलेला आणि दाराशी उभा असलेला हे दोघे एकच होते.

२००१ मध्ये त्याने या दोघांना एकत्र आणले. 'कँडीलँड' या कादंबरीच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे होती. पूर्वार्ध इव्हान हंटरचा, त्यात एका वास्तुविशारदाच्या वासनेने झपाटलेल्या रात्रीचे मनोविश्लेषण. उत्तरार्ध एड मॅकबेनचा, त्यात त्याच रात्री झालेल्या खुनाचा पोलीस तपास. एकाच लेखकाचे हे सहलेखन वाचताना दोन्ही शैलींतला फरक स्पष्ट दिसतो. आणि दुय्यम मानला गेलेला हात कोणत्याही अर्थाने कमी नाही, हेही.

त्यानंतर घशाच्या कर्करोगाने त्याला गाठले. अनेक वर्षांच्या धूम्रपानाची ती परिणती. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले. संवादांवर हुकूमत गाजवणाऱ्या लेखकाचा स्वतःचा आवाज गेला. पन्नास वर्षांपूर्वी त्याने टेडी कॅरेलाच्या रूपाने न बोलता येणाऱ्या माणसाचे अंतरंग रंगवले होते; आता ते जगणे त्याच्या वाट्याला आले. या आजाराची कहाणी त्याने 'लेट्स टॉक' या पुस्तकात लिहिली. लेखन थांबले नाही. ६ जुलै २००५ रोजी कनेटिकटमधील वेस्टन येथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ८७व्या प्रिसिंक्टची पंचावन्नावी आणि शेवटची कादंबरी 'फिडलर्स' त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

१९५६ ते २००५ या काळात जग कितीतरी बदलले. टंकलेखन यंत्रांच्या जागी संगणक आले, ठशांच्या जोडीला डीएनए आला, शहरात नवे लोक आणि नवी व्यसने आली. आयसोलाने हे सर्व आपल्यात सामावून घेतले. मात्र स्टीव्ह कॅरेला चाळिशीच्या आसपासच राहिला. पहिल्या पुस्तकात युद्ध पाहिलेला तो तरुण अखेरच्या पुस्तकात पेन्शनीत निघायला हवा होता, पण लेखकाने त्याला म्हातारे होऊ दिले नाही. ज्याला एकदा मारून पुन्हा जिवंत करावे लागले, तो शेवटपर्यंत कामावर हजर राहिला. लोंबिनो हे नाव कागदांतून गेले, हंटर हे नाव बहुतेकांना आज 'द बर्ड्स'च्या श्रेयनामावलीत भेटते. पुस्तकांच्या दुकानात, गुन्हेकथांच्या फळीवर, अजून मागितले जाते ते मॅकबेनचे पुस्तक. आणि त्यातला पोलीस आपले नाव सांगतो तेव्हा ते इटालियन असते.